कुपीवर ‘एचए’, ब्लॉट कोरा: बेळगावातल्या एका प्रयोगशाळेचे प्रकरण

बेळगाव शहरातल्या एका छोट्या संशोधन प्रयोगशाळेत खानापूर-जांबोटी पट्ट्यातल्या औषधी वनस्पतींचे अर्क फ्लूच्या विषाणूवर चालतात का, हे तपासण्याचे काम सुरू होते. विषाणू कुणा रुग्णाच्या घशातला नव्हता. जगभरच्या प्रयोगशाळांत वापरात असलेला जुना वाण होता तो: ए/पोर्टो रिको/८/१९३४, जात एच१एन१, बोलताना नुसते ‘पीआर८’. पेशी होत्या एमडीसीके, म्हणजे कुत्र्याच्या मूत्रपिंडातून निघालेल्या. अर्क दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींत विषाणूचे हिमॅग्लुटिनिन किती तयार झाले, एवढेच वेस्टर्न ब्लॉटवर बघायचे होते; म्हणजे प्रथिने जेलमध्ये वजनानुसार वेगळी करायची, पडद्यावर उतरवायची आणि हवे ते प्रथिन अँटिबॉडीने शोधायचे. त्यासाठी ‘अँटी-एचए’ नावाची (एचए हे हिमॅग्लुटिनिनचे लघुरूप) उंदराची मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे एकच ठरावीक जागा धरणारी, मागवली होती.

हिमॅग्लुटिनिन म्हणजे फ्लूच्या विषाणूच्या पृष्ठभागावरचा मुख्य काटा. तीन सारखे रेणू एकमेकांना बिलगून एक काटा होतो. त्याचा वरचा डोक्याचा भाग पेशीवरच्या सायलिक आम्लाला धरतो, आणि खालचे खोड पुढे विषाणूचे आवरण पेशीच्या आवरणात मिसळवते. नाव पडले ते तांबड्या पेशींच्या गुठळ्या करण्याच्या गुणावरून. कोंबडीच्या तांबड्या पेशी फ्लूच्या विषाणूने एकमेकींना चिकटतात हे जॉर्ज हर्स्ट यांनी १९४१ मध्ये दाखवले. पुढे याच चाचणीने या प्रकरणाची गाठ सोडवली.

पहिला ब्लॉट पद्धतशीर केलेला होता. सहा खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खळग्यात सुमारे दहा लाख पेशी, दर दहा पेशींमागे एक विषाणू या हिशेबाने संसर्ग, आणि माध्यम सीरमविना. माध्यमात ०.३ टक्के बोव्हाइन अल्ब्युमिन आणि दर मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम टीपीसीके-ट्रिप्सिन, म्हणजे हिमॅग्लुटिनिन कापून विषाणूला पसरू देणारे एन्झाइम. २४ तासांनी पेशी १५० मायक्रोलिटर रिपा बफरमध्ये फोडल्या, दर रांगेत २५ मायक्रोग्रॅम प्रथिन भरले, १० टक्क्यांचे जेल चालवले आणि पीव्हीडीएफ पडद्यावर उतरवले. अँटिबॉडी १:१००० प्रमाणात, ५ टक्के स्किम मिल्कमध्ये, रात्रभर ४ अंशांवर. दुसऱ्या दिवशी पहिल्या अँटिबॉडीला धरणारी, एचआरपी हे उजेड पाडणारे एन्झाइम लावलेली उंदराविरुद्धची दुय्यम अँटिबॉडी १:५००० प्रमाणात, एक तास.

संसर्ग झालेल्या पेशींच्या सगळ्या रांगा कोऱ्या निघाल्या. अ‍ॅक्टिन या पेशीतल्या नेहमीच्या प्रथिनाची पट्टी सगळीकडे सारखी, म्हणजे भरण्यात किंवा उतरवण्यात चूक नाही. आणि शेजारच्या गटाने ‘आमच्याकडचा एचएचा पॉझिटिव्ह कंट्रोल’ म्हणून दिलेला नमुना शेवटच्या रांगेत लख्ख चमकत होता. मग प्रथिन ४० मायक्रोग्रॅम केले, अँटिबॉडी १:५०० केली, कॅमेऱ्यासमोर ब्लॉट दहा-दहा मिनिटे ठेवला. तेवढ्याने पार्श्वभूमी करडी झाली आणि संसर्ग झालेल्या व न झालेल्या दोन्ही रांगांत सारख्याच अंधुक रेघा उमटल्या. दोन्हीकडे सारखी उमटलेली रेघ विषाणूची नसते, हे सांगायला फ्लू शिकलेला माणूस लागत नाही.

साहजिकच सगळ्यांना वाटले, संसर्गच झाला नसावा. विषाणूची जुनी कुपी, मध्ये कधीतरी वीज गेलेली, ट्रिप्सिन कमजोर, अशी कारणे पुढे आली. ते तपासायला हिमॅग्लुटिनेशन चाचणी लावली. व्ही आकाराच्या तळाची ९६ खळग्यांची प्लेट, प्रत्येक खळग्यात ५० मायक्रोलिटर पीबीएस (क्षारांचे द्रावण), पहिल्या खळग्यात पेशींवरचे ५० मायक्रोलिटर माध्यम, मग दुप्पट-दुप्पट विरळ करत पुढे. त्यावर कोंबडीच्या तांबड्या पेशींचे ०.५ टक्के द्रावण ५० मायक्रोलिटर, आणि ३० मिनिटे वाट. विषाणू नसेल तर पेशी घरंगळून तळाशी जमतात आणि टाचणीच्या डोक्याएवढे लाल बटण पडते. विषाणू असेल तर पेशी जाळ्यासारख्या पसरून राहतात, बटण पडत नाही. प्लेट तिरकी धरली की खरे बटण अश्रूसारखे खाली ओघळते, जाळे हलत नाही.

प्लेट वाचून तंत्रज्ञ मामांनी संशोधक विद्यार्थिनीला हाक मारली. ‘मॅडम, सातव्या खळग्यापर्यंत बटणच पडंना झालंय की. मग व्हायरस नाही म्हणून कसं म्हणता ओ?’

पहिला खळगा १:२, म्हणून सातवा १:१२८. संसर्ग न झालेल्या पेशींच्या रांगेत पहिल्यापासूनच नीट बटणे होती. म्हणजे माध्यमात हिमॅग्लुटिनिन भरपूर होते, आणि तेच हिमॅग्लुटिनिन ‘अँटी-एचए’ अँटिबॉडीला दिसत नव्हते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे म्हणावे तर आड काठोकाठ भरलेला. दोष पोहऱ्यात होता.

या चाचणीत आपल्याकडे एक गोष्ट सांभाळावी लागते. विषाणूवर न्युरामिनिडेज हे दुसरे पृष्ठप्रथिन असते आणि ते सायलिक आम्ल तोडते. एप्रिलच्या उन्हात खोली ३५ अंशांवर गेली की ते जोरात काम करते, जाळे सुटून पेशी पुन्हा खाली बसतात, आणि तासाभराने बघणाऱ्याला १:१२८ चे १:१६ दिसते. प्लेट वेळेवर वाचावी, किंवा सरळ ४ अंशांवर लावून तिथे थोडी जास्त वेळ ठेवावी.

आता संशय अँटिबॉडीवर आला, आणि इथे तीन आठवडे फुकट गेले. पार्सल बेंगळुरूहून गुरुवारी निघाले होते. शनिवारी ते उद्यमबागेकडच्या गोदामात पोहोचले. दुसरा शनिवार आणि रविवार प्रयोगशाळा बंद, म्हणून हातात आले सोमवारी दुपारी. खोक्यातल्या जेलच्या पिशव्या कोमट पाण्याच्या झाल्या होत्या. मग काय, सगळ्यांनी एकमुखाने ठरवले की अँटिबॉडी गाडीतच मेली. पुरवठादाराला पत्रे गेली, फोटो गेले, बदली कुपी मागितली गेली. सीमाभागातल्या प्रयोगशाळांना हा अनुभव इतका अंगवळणी पडलाय की काहीही बिघडले तरी पहिले बोट कुरिअरकडेच जाते.

पण पुरावा याच्या उलट होता. मेलेल्या अँटिबॉडीने त्याच पडद्यावर शेवटची रांग उजळली नसती. ग्लिसरॉल घातलेल्या बफरमधली शुद्ध आयजीजी (अँटिबॉडीचाच नेहमीचा प्रकार) दोन-चार दिवस खोलीच्या तापमानाला राहिली तर सहसा निभावते. तिला खरा त्रास होतो तो वारंवार गोठवून वितळवल्याने, जंतू वाढल्याने आणि ‘फ्रॉस्ट-फ्री’ फ्रीजरमुळे. असा फ्रीजर बर्फ साचू नये म्हणून स्वतःच अधूनमधून गरम होतो, आणि ग्लिसरॉलविना ठेवलेली कुपी दर वेळी थोडी वितळून पुन्हा गोठते. कोमट पार्सल आले तर पत्र जरूर लिहावे. त्यासोबत ज्ञात नमुन्यावर एक ठिपका टाकून बघायला मात्र एक दुपार पुरते.

उत्तर कुपीसोबत आलेल्या कागदावरच छापलेले होते. ‘इम्युनोजेन’ (ज्यावर अँटिबॉडी बनवली तो पदार्थ) या शीर्षकाखाली लिहिले होते की मानवी इन्फ्लुएन्झा हिमॅग्लुटिनिनच्या ९८ ते १०६ या अमायनो आम्लांशी जुळणारा पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा), क्लोन १२सीए५. मागणी नोंदवताना हे वाक्य वाचले गेले होते. नुसते वाचले गेले नव्हते, त्यातले ‘मानवी इन्फ्लुएन्झा हिमॅग्लुटिनिन’ हे शब्द वाचूनच ही कुपी निवडली होती. फसगत झाली ती इथे.

१२सीए५ ही अँटिबॉडी मूळची फ्लूच्या संशोधनातूनच आली. एच३ जातीच्या हिमॅग्लुटिनिनच्या एका तुकड्यावर उंदरात तयार केलेल्या मोनोक्लोनल अँटिबॉडींपैकी ती एक. इयन विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये त्या नेमक्या कुठे चिकटतात ते शोधले, तेव्हा नऊ अमायनो आम्लांचा हा पट्टा हाती लागला. १९८८ पासून तो पट्टा दुसऱ्याच कामाला लागला. कुठल्याही प्रथिनाच्या टोकाला ही नऊ आम्ले जोडायची आणि १२सीए५ ने ते प्रथिन ओळखायचे. यालाच ‘एचए टॅग’ म्हणतात. यीस्ट, माणूस, भात, कशाचेही प्रथिन असो, टॅग लावला की दिसते. आज बाजारात ‘अँटी-एचए’ म्हणून मिळणाऱ्या कुप्यांतल्या पुष्कळशा या टॅगसाठीच असतात, फ्लूसाठी नसतात. शेजारच्या गटाचा ‘एचएचा पॉझिटिव्ह कंट्रोल’ म्हणजे एचईके२९३टी या मानवी पेशींत बनवलेले, टॅग लावलेले एक प्रथिन होते. त्यात फ्लूचा विषाणू औषधालाही नव्हता.

तरी प्रश्न उरतोच. टॅग हिमॅग्लुटिनिनमधूनच घेतलाय ना, मग फ्लूच्या हिमॅग्लुटिनिनवर चालायला काय हरकत? हरकत जातीची आहे. एच३ मध्ये तो पट्टा असा: टायरोसिन, प्रोलिन, टायरोसिन, अ‍ॅस्पार्टेट, व्हॅलिन, प्रोलिन, अ‍ॅस्पार्टेट, टायरोसिन, अ‍ॅलॅनिन. पीआर८ हा एच१, त्यात त्याच जागी: टायरोसिन, प्रोलिन, ग्लायसिन, अ‍ॅस्पार्टेट, फिनाइलअ‍ॅलॅनिन, आयसोल्युसिन, अ‍ॅस्पार्टेट, टायरोसिन, ग्लुटामेट. नऊपैकी पाच जुळतात आणि चार नाहीत: तिसरे, पाचवे, सहावे, नववे. नऊ आम्लांच्या पट्ट्यात चार बदलली, त्यातही मधली दोन सलग, तर मोनोक्लोनल अँटिबॉडीला धरायला काही उरत नाही. २००९ च्या साथीचा स्वाइन फ्लूही एच१एन१ च, त्याचा पट्टा इथे पीआर८ सारखाच आहे. त्यामुळे तो वाण घेतला असता तरी ब्लॉट कोराच राहिला असता.

ही कुपी निवडण्यामागे एक सल्लाही होता. कोल्हापूरच्या ओळखीच्या एका प्रयोगशाळेने ‘आमच्याकडे हीच चालते’ असे सांगितले होते. खोटे नव्हते ते. त्यांचा विषाणू एच३एन२ होता, आणि वेस्टर्न ब्लॉटवर उकळून उलगडलेल्या एच३ हिमॅग्लुटिनिनला १२सीए५ धरते. ‘तुमच्याकडे काय चालते’ असे विचारले गेले होते, ‘कुठल्या जातीवर’ हे विचारायचे राहून गेले.

एच३ मध्येही ही अँटिबॉडी सरसकट चालत नाही. ९८ ते १०६ हा पट्टा काट्याच्या बाहेर मोकळा नसतो, तीन रेणू जिथे एकमेकांना टेकतात तिथे दबलेला असतो. अखंड विषाणूवर अँटिबॉडी तिथे पोहोचत नाही. पीएच ५ च्या आसपास आणला की काट्याचा आकार बदलतो, डोकी एकमेकांपासून सुटतात आणि पट्टा उघडा पडतो. म्हणून न उकळलेल्या, उदासीन पीएचच्या नमुन्यावर किंवा जिवंत पेशीच्या पृष्ठभागावर १२सीए५ ने एच३ शोधायला जाणेही धोक्याचेच.

हे सगळे कागदावर पटले, पण हातानेही पडताळायला हवे होते. त्यासाठी केलेला डॉट ब्लॉट असा होता. नायट्रोसेल्युलोजच्या दोन पट्ट्या, पेन्सिलने चौकटी आखलेल्या, प्रत्येक चौकटीत २ मायक्रोलिटरचा ठिपका. पहिला ठिपका शेजारच्या गटाचे टॅगवाले प्रथिन. दुसरा टॅग नसलेल्या त्याच पेशी. तिसरा पीआर८ चा संसर्ग झालेल्या एमडीसीके, चौथा संसर्ग न झालेल्या. पाचवा पीआर८ चे विकत घेतलेले शुद्ध हिमॅग्लुटिनिन, ५० नॅनोग्रॅम. सहावा ठिपका यातला खरा हुशारीचा: मुदत संपलेली चार घटकांची फ्लूची लस. अशा लसीच्या अर्ध्या मिलिलिटरच्या डोसात प्रत्येक वाणाचे १५ मायक्रोग्रॅम हिमॅग्लुटिनिन असते, म्हणजे मायक्रोलिटरला ३० नॅनोग्रॅम, आणि २ मायक्रोलिटरच्या ठिपक्यात प्रत्येकी ६० नॅनोग्रॅम. त्यात एच१ असतो तसा एच३ ही असतो. दवाखान्यातून टाकून दिल्या जाणाऱ्या एका सिरिंजमध्ये दोन्ही जातींचे मोजलेले प्रथिन फुकट मिळते. एक पट्टी आहे तशा नमुन्यांची, दुसरी प्रथिन उलगडणारे एसडीएस आणि मर्कॅप्टोइथेनॉल घालून ९५ अंशांवर ५ मिनिटे उकळलेल्या नमुन्यांची.

ठिपके सुकू दिले, मग ५ टक्के दुधात तासभर, अँटिबॉडी १:१००० तासभर, धुलाई दहा-दहा मिनिटे तीनदा, दुय्यम अँटिबॉडी, आणि प्रकाशाचे रसायन. टॅगवाला ठिपका दोन्ही पट्ट्यांवर काळाभोर. शुद्ध पीआर८ हिमॅग्लुटिनिन दोन्हीवर कोरे. संसर्ग झालेल्या पेशी कोऱ्या. लसीचा ठिपका न उकळलेल्या पट्टीवर जेमतेम, उकळलेल्या पट्टीवर स्पष्ट. ती सही एच३ ची. लसीतून एच३ वगळता आला असता तर पुरावा अधिक घट्ट झाला असता, पण शुद्ध एच१ कोरे राहिल्यावर शंकेला फारशी जागा उरली नाही. अँटिबॉडी जिवंत होती, नेक होती, आणि नेमके तेच करत होती जे तिच्या कागदावर लिहिले होते.

या प्रकरणात सर्वांत जास्त दिशाभूल केली ती पॉझिटिव्ह कंट्रोलने. तो अँटिबॉडीला जुळणारा होता, प्रश्नाला जुळणारा नव्हता. ‘अँटिबॉडी चालते का’ याला तो दर वेळी होकार देत राहिला, आणि ‘पीआर८ चे हिमॅग्लुटिनिन दिसते का’ हे कुणी त्याला विचारलेच नव्हते. पीआर८ चे शुद्ध हिमॅग्लुटिनिन पहिल्याच ब्लॉटला एका रांगेत असते, तर तिथल्या तिथे सगळे कळले असते. कंट्रोलमध्ये शोधायची वस्तूच असायला हवी, तिची नामबंधू नव्हे.

मग योग्य अँटिबॉडी कोणती घ्यायची? इथे दुसरा खड्डा होता आणि प्रयोगशाळा त्यातही अर्धी उतरली. यादीत सी१७९ ही मोनोक्लोनल दिसली. १९९३ मध्ये जपानी संशोधकांनी वर्णिलेली, एच१ आणि एच२ दोन्ही जातींच्या खोडाला धरणारी, विषाणूला निष्प्रभ करणारी. जात बरोबर, प्रथिन बरोबर, नावलौकिक उत्तम. पण ती धरते तो आकार. खोडातले लांब-लांबचे भाग घडी पडून एकत्र आले की तयार होणारी ती जागा एसडीएसमध्ये उकळल्यावर राहतच नाही. वेस्टर्न ब्लॉटवर तिच्याकडून काही मिळायचे नाही. फिक्स केलेल्या पेशींवर मात्र ती सुरेख चालते. आणखी एक गंमत: डोक्याला न धरता खोडाला धरत असल्यामुळे ती तांबड्या पेशींचे चिकटणे थांबवत नाही. हिमॅग्लुटिनेशन रोखण्याच्या चाचणीत तिचा आकडा शून्य येतो, आणि अनोळखी माणूस पुन्हा ‘अँटिबॉडी मेली’ म्हणून पत्र लिहायला बसतो.

त्यामुळे शेवटी दोन कामांना दोन अँटिबॉडी ठरल्या. ब्लॉटसाठी एच१ च्या एचए१ भागावर (हिमॅग्लुटिनिन कापल्यावरचा मोठा तुकडा; लहान तो एचए२) सशात बनवलेली पॉलिक्लोनल. तिच्यात अनेक जागा धरणारे प्रतिपिंड मिसळलेले असतात, काही उलगडलेल्या साखळीलाही चिकटतात. पेशींवर रंगवण्यासाठी आकार ओळखणारी मोनोक्लोनल. अनेक जाती एकाच कुपीत पकडायच्या असतील तर एचए२ च्या सुरुवातीच्या, पेशीत घुसणाऱ्या पट्ट्यावर बनवलेली अँटिबॉडी ब्लॉटसाठी बरी पडते, कारण तो पट्टा इन्फ्लुएन्झा ए च्या जातींत जवळजवळ बदलत नाही. या प्रयोगशाळेला एकच वाण बघायचा होता, त्यामुळे तिची गरज नव्हती.

नवी कुपी आल्यावर १० मायक्रोलिटरचे भाग करून उणे २० वर ठेवले, आणि अर्कांना हात लावण्याआधी चार दिवस फक्त तिची ओळख करून घेतली. शुद्ध हिमॅग्लुटिनिन १०० पासून अर्धे-अर्धे करत ६.२५ नॅनोग्रॅमपर्यंत, संसर्गानंतर ०, ४, ८, १२ आणि २४ तासांचे नमुने, आणि अँटिबॉडी १:५०० ते १:८०००. १:२००० वर पट्टी स्वच्छ आणि पार्श्वभूमी पांढरी मिळाली. शून्य तासाला काही नाही, ८ तासांपासून पट्टी, २४ ला जाड. असा काळाबरोबर चढत जाणारा क्रम दिसला की पट्टी विषाणूची आहे यावर विश्वास बसतो.

पट्ट्या वाचताना वजने माहीत हवीत. न कापलेले हिमॅग्लुटिनिन, म्हणजे एचए०, सुमारे ७५ किलोडाल्टनला येते. ट्रिप्सिनने कापले की एचए१ सुमारे ५५ ला आणि एचए२ सुमारे २५ ला. एचए१ वर बनवलेली अँटिबॉडी पहिले दोन दाखवते, तिसरा नाही. नमुन्यात मर्कॅप्टोइथेनॉल किंवा डीटीटी घालायचे राहिले तर दोन्ही तुकडे गंधकाच्या बंधाने जोडलेलेच राहतात आणि कापलेलेही ७५ लाच दिसते. एचए१ ची पट्टी थोडी पसरट असते, ती साखरेच्या फांद्यांमुळे, जेल बिघडल्यामुळे नाही.

पहिल्या दोन ब्लॉटवर ६६ च्या आसपास एक फुगीर डाग आला आणि त्याने ७५ व ५५ च्या पट्ट्या वाकवल्या. कारण माध्यमातले ०.३ टक्के अल्ब्युमिन. म्हणजे मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम; असे २० मायक्रोलिटर माध्यम जेलमध्ये भरले की एकट्या अल्ब्युमिनचे ६० मायक्रोग्रॅम जातात, नेमके त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये. माध्यम थेट भरणे बंद केले, पेशी फोडण्याआधी थंड पीबीएसने तीनदा धुतल्या, डाग गेला. पुढे उंदराच्या फुप्फुसाचे नमुने करणाऱ्यांनी याची बहीणही ध्यानात ठेवावी. उंदराच्या ऊतीत उंदराचीच आयजीजी असते, उंदराविरुद्धची दुय्यम अँटिबॉडी तिला धरते, आणि तिच्या साखळ्या ५० व २५ ला येतात. एचए१ आणि एचए२ ची हुबेहूब नक्कल. तिथेही सशाची अँटिबॉडी घेतली की प्रश्न मिटतो.

आणखी दोन बारीक गोष्टी. साठवणीत सोडियम अ‍ॅझाइड असलेली अँटिबॉडी पडद्यावर चालते, पण एचआरपी लावलेल्या दुय्यमच्या द्रावणात अ‍ॅझाइड घातले तर एन्झाइम बंद पडून सगळा ब्लॉट कोरा येतो. आणि पेशींवर रंगवताना ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड १५ मिनिटे, ट्रायटॉन न घालता, केले तर फक्त पृष्ठभागावर पोहोचलेले हिमॅग्लुटिनिन दिसते. मिथेनॉलने फिक्स केले तर पेशी आतूनही उघडते आणि आकार ओळखणारी अँटिबॉडी कधी कधी रुसते.

मग अर्कांकडे वळले तेव्हा हिरड्याच्या अर्काने लगेच आशा दाखवली. ब्लॉटवर हिमॅग्लुटिनिनची पट्टी निम्मी. पण अ‍ॅक्टिनही तेवढेच उतरले होते, म्हणजे पेशीच मरत होत्या. एमटीटी चाचणी (जिवंत पेशी एमटीटीला जांभळे करतात) मात्र पेशी ठणठणीत म्हणत होती, कारण हिरड्यातली पॉलिफिनॉल्स एमटीटीला पेशींशिवायही जांभळे करतात. पेशी नसलेल्या खळग्यात अर्क टाकला तरी रंग आला. अर्क काढून, पेशी धुऊन, मग एमटीटी घातल्यावर खरा आकडा दिसला. हिमॅग्लुटिनेशनमध्ये तर उलटाच प्रकार: विषाणू नसलेल्या रांगेतही १:१६ पर्यंत बटण पडेना. टॅनिन स्वतःच तांबड्या पेशी चिकटवते. साबणी गुणाच्या, सॅपोनिनवाल्या वनस्पतींत याच्या विरुद्ध होते, पेशी फुटून खळगा नुसता गुलाबी होतो आणि बटण कशाचेच पडत नाही. आता प्रत्येक अर्काची ‘विषाणूविना’ रांग प्लेटवर असतेच, आणि ब्लॉटवर अ‍ॅक्टिनसोबत विषाणूच्या न्युक्लिओप्रथिनाचीही पट्टी घेतली जाते. पेशीचे अ‍ॅक्टिन जागेवर राहिले आणि विषाणूची प्रथिने उतरली, तरच पुढचा विचार.

मागणीच्या अर्जात आता चार रकाने वाढले आहेत: इम्युनोजेन कुठल्या जातीचा आणि कुठला भाग, जागा सरळ साखळीतली की आकाराची, पुरवठादाराने नेमक्या कुठल्या चाचणीत पडताळलेली, आणि कुठल्या प्राण्यात बनवलेली. पेप्टाइड दिलेला असेल तर तो आपल्या वाणाच्या क्रमावर ठेवून अक्षराला अक्षर जुळवून बघायला पाच मिनिटे लागतात. हे अर्जासोबत जोडल्याशिवाय सही होत नाही.

जुनी १२सीए५ ची कुपी वाया गेली नाही. फ्रीजरच्या खोक्यात तिच्यावरचे ‘एचए’ खोडून कुणीतरी जाड मार्करने ‘टॅग’ लिहिले, आणि ती शेजारच्या गटाने एका रिकाम्या प्लाझ्मिडच्या बदल्यात नेली.